रिकाम्या ओळी

"दशांशानंतर सहा अंक!" गॉर्डननं कागद लोर्नाच्या टेबलावर टाकला. "म्हाताऱ्यांच्या घरातली ऊब मोजतोय आपण, रॉकेट नाही सोडत."

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांत काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, कार्यालयानं फॅरनहाइटमध्ये तापमान मोजणारी यंत्रं बसवली होती. रोज सकाळी आकडे येत आणि लोर्नाच्या प्रोग्राममधून त्यांचा अहवाल निघे. तिचे वडील, हाल्वर स्कॉग, त्यांतलेच एक.

"पूर्णांकात देते," ती म्हणाली.

"आणि या रिकाम्या ओळी? बोर्डासमोर कागद फाटक्या मोज्यासारखा दिसतो. लपव त्या."

"गॉर्डन, रिकामी ओळ म्हणजे त्या घरातली वीज गेली, हीटर बंद. बाहेर उणे वीस आहे. ओळी लपवल्या तर माणसं गोठून मरतील."

गॉर्डन वरमला. "बरं, मग त्यांची वेगळी यादी काढ आणि वेंडेलला दे. तो जाईल गाडी घेऊन."

लोर्नानं दोन्ही अहवाल लिहून संपवले. मग रोजच्यासारखा वडिलांना फोन लावला.

"बाबा, वादळ येतंय. बाहेर पडू नका."

"तू नको शिकवू. रेघा ओढायचा पगार घेतेस आणि मला अक्कल? तुझी आईही अशीच होती. बिनकामाची."

"जेवलात का?"

"ठेव फोन."

शेजारच्या टेबलावरून वेंडेल हसला. "रोज शिव्या खातेस आणि रोज फोन करतेस. माझी पोरगी वाढदिवसालासुद्धा करत नाही."

"वडील आहेत," लोर्ना म्हणाली.

रात्री वादळानं टेकडीवरच्या विजेच्या तारा तुटल्या. सकाळचा अहवाल मात्र एका पानात मावला. सुबक, सगळे आकडे साठच्या वर. गॉर्डन खूश झाला.

वेंडेलनं दुसरी यादी खिशात घातली आणि घोंगड्या, सूपचे थर्मास उचलले. "तुझ्या बाबांकडे डोकावू का? टेकडीवरच, वाटेत आहे घर."

"नको रे. पासष्ट फॅरनहाइट आहे तिकडे. उबेत झोपले असतील, उगाच तुझ्यावर खेकसतील."

"नशीबवान आहे म्हातारा."

त्याची गाडी दिसेनाशी झाल्यावर लोर्नानं अहवाल भिंतीवर लावला. हाल्वर स्कॉग हे नाव त्यात नव्हतं. वेंडेलच्या यादीतही नव्हतं. त्या यादीतून ते वगळायची आज्ञा तिनं प्रोग्राममध्ये काल, फोन लावण्याआधीच, लिहून ठेवली होती.