वहीतील सही

फळ्यावर परावर्तनाची आकृती पूर्ण होताच सातवीतली मृण्मयी चाचरत म्हणाली, "सर, हे काल झालं."

विज्ञानाच्या खांबेटे सरांनी पुरावा मागितला. तिच्या वहीत कालची तारीख, तीच आकृती आणि त्यांचीच सही होती. त्यांना काहीच आठवेना. एका वहीवरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय, म्हणून त्यांनी आणखी दोन तपासल्या. तिन्ही जुळल्या.

"काल काही वेगळं जाणवलं?"

"परवाही हेच शिकवलंत, सर. आम्हाला वाटलं, उजळणी असेल."

मुख्याध्यापिकांनी सगळ्या शिक्षकांना वाटलेली थकव्याची प्रश्नावली त्यांनी 'मोजमापाविना निरर्थक' असा शेरा मारून परत केली होती. तास संपताच ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, ती प्रश्नावली पुन्हा मिळेल?"

"आज तिसऱ्यांदा मागताय, सर." बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "आता इथेच बसून भरा."