आजारी सरांची तपासणी

कंबरेच्या ऑपरेशननंतर फिजिक्सचे हमजा सर घरी पडून होते. लातुरातल्या त्यांच्या क्लासचे मालक सोमेशप्पा रोज फोनवर गुरकावायचे, "नाटकं बास! सोमवारी या, न्हाईतर दुसरा सर बघतो."

सर खरंच आजारी आहेत का, हे बघायला मालकांनी मॅनेजरला पाठवलं. सरांच्या अम्मी आल्यागेल्याला जर्दाळू शिजवून वर मलई घातलेला खुबानी का मीठा खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. मॅनेजर बोटं चाटत परतला. "लई आजारी हायत. उद्या परत बघावं लागंल."

मग तो रोजच बघायला जाऊ लागला. शेवटी चिडून मालक स्वतःच गेले.

सोमवारी सर कंबरेला पट्टा बांधून, कण्हत क्लासवर हजर झाले.



मालक धावतच आले. "अहो, घरी जाऊन पडा! पगार चालूच हाय. संध्याकाळी बघायला येतो मी... अम्मींना म्हणावं, आज मलई जरा जास्त टाका."