बालवाडीकडे वाहणारं पाणी

सांडपाणी केंद्राच्या तळ्यात सोडलेले, पाणी कुठे झिरपतं ते फोनवर कळवणारे बोलके कण नऊ दिवसांत शेवंताच्या विहिरीत पोहोचले आणि केंद्राच्या कुलथे साहेबांच्या फोनवर निळे ठिपके होऊन चमकू लागले.

"हे कण सरकारी मालमत्ता आहेत, बाई," साहेब म्हणाले. "परवानगीशिवाय विहिरीत ठेवलेत तुम्ही."

"मी ठेवले? तुमचं तळं गळतंय, त्याचं काय?"

"तळं गळत नाही. तपासणीसाठी मारलेल्या आमच्या सातही बोअरचं पाणी स्वच्छ आहे."

ते सातही बोअर केंद्राच्या वरच्या अंगाला मारले होते, कारण गाडी लावायला सावली तिथेच होती. पाणी चढावर जात नाही, हे शेवंताने चार अर्ज करून कळवलं होतं. चारही अर्ज विचाराधीन होते.

साहेबांनी फॉर्म काढला, पुन्हा फोन पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सहा ठिपके विहिरीत नाहीत. बालवाडीत आहेत आणि गोल गोल फिरतायत. कणांना पाय फुटले की काय?"

बालवाडीची टाकी याच विहिरीवर भरायची. गावात दुसरं पाणीच नव्हतं.

"पोरांनी प्यायलंय ते, साहेब. त्यात माझी चिमी आहे."

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पण या रकान्यात जमिनीखालचीच पातळी लिहिता येते."

शेवंताने त्यांचा फॉर्म हिसकावला. "लिहा, जमिनीच्या वर दीड फूट. पोरांची पोटं तेवढ्याच उंचीवर असतात. आणि प्रवाहाची दिशा लिहा. बालवाडी सुटली की पाणी माझ्या घराकडे पळत येतं."