ऑरगॅनिकचे मास्तर

"पुस्तक मीट," नाना म्हणाले. "आता सांग."

अभिमनने पुस्तक मिटलं आणि घडाघडा सुरुवात केली. इथिल अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण. आधी अॅसिटाल्डिहाइड, मग अॅसेटिक आम्ल. पानच्या पान त्याला पाठ होतं. ते आधीही पाठ होतंच. तरी पुण्याला बी.एस्सी.च्या परीक्षेत ऑरगॅनिकच्या पेपरात तो दोनदा आपटला होता.

"का?" नानांनी विचारलं.

"का म्हणजे?"

"त्याचं आम्ल का होतं? आहे तसं का राहत नाही?"

"पुस्तकात दिलंय."

"एवढं पोपटालाही येतं," नाना कडाडले. "पोपटाला कुणी पदवी देत नाही. उद्या सांग."

उपरणं झटकून ते उठले. ओसरीच्या टोकाला अभिमनचे वडील, उखर्डू आबा, अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मुकाट्याने दमणीला बैल जुंपले आणि नानांना अमळनेरला पोचवायला गेले.

अभिमनने पुस्तक भिंतीवर भिरकावलं.

आबा शाळेचं तोंड न पाहिलेले. पोरगा दुसऱ्यांदा नापास होऊन घरी आला, तेव्हा त्याच्याजवळ बसून त्यांनी विचारलं होतं, "काय वाचस रे तू? माले सांग ना."

"तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं?" अभिमन खेकसला होता.

आबांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या बाजाराला ते अमळनेरला गेले आणि येताना नानांना दमणीत बसवून घेऊन आले. नाना त्या गावात नवीनच होते. "काशीले शिकेल शेतस," आबा म्हणाले. "भलता मोठा माणूस शे."

काशीच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळांविषयी अभिमनने पुण्यात ऐकलं होतं. तो पुस्तक घेऊन नानांसमोर बसला.

पण हा माणूस शिकवतच नव्हता. पुस्तक मिटायला लावायचा आणि विचारायचा, का? त्याचं उत्तर दिलं की पुन्हा का. परवाचं आज विचारायचा, गेल्या आठवड्यातलं मध्येच काढायचा. अभिमन अडखळला की हातातली काठी फरशीवर आपटायचा. "थांबलास? म्हणजे तुला येत नाही. जा, वाचून ये."

"तुम्ही एकदा तरी उत्तर सांगा!" एके दिवशी अभिमन ओरडला.

"परीक्षेला मी बसू?"

संतापाने अभिमनचं डोकं फुटायची वेळ आली. या म्हाताऱ्याला तोंड उघडायची सोय ठेवायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळू लागलं. नाना विचारतील ते सगळे 'का' तो आधीच स्वतःला विचारू लागला. भिजवलेले हरभरे घेतले, बाभळीचे काटे घेतले. हरभऱ्यांचे अणू, काट्यांचे बंध. संध्याकाळी ती रचना त्याने नानांच्या नाकासमोर धरली. "हे बघा! कार्बनला चार हात. हा एक ओएचने धरला. उरलेल्या तिन्ही हातांना दुसरे कार्बन. हायड्रोजनला जागाच नाही. हा तृतीयक अल्कोहोल. आता तरी दिसलं?"

नानांनी हरभरे निरखून पाहिले. "दिसलं. पुढे?"

शाबासकी नाहीच. अभिमनने दात आवळले. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम चुकीचं सांगितलं. बघू, याला किती येतं ते.

"तृतीयक अल्कोहोलपासूनही सहज अल्डिहाइड मिळतं," तो बेधडक म्हणाला.

"का?"

"त्या कार्बनवरचा हायड्रोजन निघून जातो म्हणून."

"काल म्हणालास, त्याला हायड्रोजनच नसतो. मग निघून काय जातं?"

अभिमनचा चेहरा उतरला. नानांची काठी फरशीवर आपटली. "एक तर काल खोटं बोललास, नाही तर आज. दोन्ही खरं असणार नाही. कुठलं खोटं ते नीट बघून उद्या सांग!"

आबा दोर वळायचे थांबले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

परीक्षेत अभिमनने पेपर हातात घेतला आणि त्याला हसू फुटलं. एकही प्रश्न नानांइतका खवचट नव्हता.

निकाल लागला. ऑरगॅनिकमध्ये तो वर्गात पहिला आला. अमळनेरच्या स्टेशनावर उतरला तो घरी न जाता तडक नानांकडे गेला. राग अजून तसाच होता. उलट आता बोलायला तोंडही होतं.

नाना पडवीत ताक पीत बसले होते.

"पहिला आलो," अभिमन उभ्याउभ्याच म्हणाला. "आणि तुमच्यामुळे नाही. तुम्ही मला एक अक्षर शिकवलं नाहीत."

"खरं आहे," नाना म्हणाले.

त्या उत्तराने तो आणखी भडकला. "मग यायचात कशाला? सगळं येत असून एक उत्तर तोंडातून काढलं नाहीत. माझा छळ करायला?"

"येत असतं तर सांगितलं असतं रे. मी न्यायशास्त्र, म्हणजे तर्क शिकलो, व्याकरण शिकलो. तुझ्या ऑरगॅनिकचं पुस्तक मी आजवर उघडूनही पाहिलेलं नाही."

अभिमन पायरीवर बसला.

"म्हणजे माझ्या बापाला फसवलंत? अडाणी म्हणून?"

"त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, भर बाजारात. म्हटलं, उखर्डूभाऊ, तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग? काय म्हणाले आबा?"

नानांनी ताकाचा पेला खाली ठेवला. इकडची बोली त्यांच्या जिभेवर अजून बसली नव्हती. एकेक शब्द आठवून ते म्हणाले,

"'माले बी कोठे समजस? पण माले तो सांगस नही. तुमले सांगी.'"