रेषेबाहेरचे चेंडू

“हरणारी टीम दाखवायला मला मिरजेहून अमेरिकेत आणलंस होय गं?” थोरली अक्का वैतागली.

या बेसबॉल टीमवर वत्सलानं चाळीस वर्षं जीव लावला होता. मोसमाचा हा शेवटचा सामना हरले, तर शंभरावा पराभव. ती नामुष्की तिला बघवणार नव्हती. आणि आता तिच्या टीमचा शेवटचा गडी खेळत होता.

“हा बाद का होत नाही?”

“चेंडू रेषेबाहेर गेला की पुन्हा टाकतात, अक्का. हुकला की संपलं.”

दहा, बारा, पंधरा चेंडू त्यानं रेषेबाहेर उडवले. माणसं उभी राहिली. सोळावा हुकला.

जिंकलेला गोलंदाज त्याच्यासमोर आला नि टोपी काढून उभा राहिला. असं वत्सलानं कधीच पाहिलं नव्हतं.

अक्काचा आवाज अगदी खाली आला. “नाव काय गं त्या शेवटच्या गड्याचं?”