अडेल रायफल

नेमबाजी क्लबातल्या एका गिऱ्हाइकाची रायफल तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली, तेव्हा मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. तक्रार तीच. रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवीन आत सरकत नाही. आधीच्या दोन खेपांना मिस्त्रींनी स्प्रिंग बदलली होती, मॅगझीन बदललं होतं, काडतूस ओढणारा आकडा घासूनपुसून लख्ख केला होता.

आता त्यांनी नकली काडतुसं भरली आणि दाराच्या कडीसारखा सरकणारा बोल्ट खाडकन मागे ओढला. पहिलं काडतूस टुणकन उडालं ते थेट त्यांच्याच चहात. दुसरं पंख्यावर आपटलं.

"आता बोला! कुठं अडतंय?"

गिऱ्हाइकानं रायफल हातात घेतली. श्वास रोखून त्यानं बोल्ट इतका अलगद ओढला की साधा 'खट्'सुद्धा झाला नाही. अर्ध्यावर तो थांबला, कानोसा घेतला. काडतूस आतल्या आतच लोळलं.

दारातून बघणाऱ्या मिस्त्रींच्या बायकोला हसू आवरेना. "अहो भाऊ, ही कडी उघडायची तऱ्हा माझ्या ओळखीची आहे. घरात तान्हं बाळ आहे ना?"

"जुळी आहेत," तो इथंही कुजबुजतच बोलला. "कसं ओळखलंत?"

मिस्त्रींनी खो खो हसत पावतीपुस्तक ओढलं आणि लिहिलं :


"रायफल ठणठणीत. बिघाड : जुळी. साधारण दोन वर्षांत आपोआप दुरुस्त होईल."