ओटीचा नारळ

"शरयू, ओटीच्या नारळाच्या वड्या केल्यास का?" इंदूरहून कुमुदने पत्रात विचारलं होतं. आयुष्यभर पुस्तकं वाचूनही मला त्याचं उत्तर लिहिता येईना.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर शरयूने माझ्याकडे हट्ट धरला. "अहो, मैत्रिणींना भेटून येऊ. पण आजाराचं कुणाला सांगायचं नाही हं. रडकी तोंडं बघायला नाही जायचं मला."

धुळ्याहून गाडी काढली. बडोद्याला एक मैत्रीण, उदयपूरला तलाव, मांडूला महाल, शेवटी इंदूरला कुमुद. निघताना तिने शरयूची ओटी भरली.

"किती बारीक झालीस गं! काय करतेस?"

"यांच्या हातचं जेवते," शरयू म्हणाली. कुमुद पोट धरून हसली.

परतताना तो नारळ शरयूच्या मांडीवर होता. "हा फोडू नका. लवकरच लागेल," ती म्हणाली. मला समोरचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली.

आज अखेर कार्ड टपालपेटीत टाकलं. "कुमुदताई, वड्या झाल्या नाहीत. शरयू सवाष्ण गेली. नेण्याआधी शेजारणींनी तिची ओटी तुमच्याच नारळाने भरली."